एकाच नावाची दोन माणसं डेटाबेसला वेगळी कशी कळतात?

मी एका विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे आणि हा गुंता निस्तरायचं काम बऱ्याचदा माझ्याच टेबलावर येतं, म्हणून उत्तर देतोय. तुम्ही विचारलंय की तुमच्याच नावाच्या कुणाचे तरी केमिस्ट्रीचे पेपर (शोधनिबंध) गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या पेपर शोधायच्या साइटवर, तुमच्या प्रोफाइलला येऊन चिकटतायत, मग या सिस्टीमना कोण कुठला हे कळतं तरी कसं, आणि लग्न ठरलंय तर नाव बदलू की नको.

तर कळत काही नाही हो, अंदाज बांधतात. आपलं मराठी नाव खरं तर बरंच काही सांगतं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गावात तेवढ्यावर काम भागतं. पण जर्नलमध्ये गेलं की त्याचं होतं ‘पाटील एस बी’, आणि मग संजय भाऊराव, सुनीता बाळासाहेब, शुभम भास्कर सगळे एकाच ढिगात. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर तर २००२ च्या आधीच्या पेपरांना शक्यतो आडनाव आणि इनिशियल्स एवढंच मिळतं, पूर्ण नावं नोंदवायला लागले ते त्यानंतर.

मशीन पहिल्यांदा हेच ढीग करतं, आडनाव आणि पहिलं अक्षर बघून, कारण करोडो नोंदी एकमेकींशी ताडून बघणं परवडत नाही. मग ढिगातल्या ढिगात जोड्या लावून बघतं की सहलेखक तेच आहेत का, संस्था, ईमेल, विषय, संदर्भ कुणाचे दिलेत वगैरे. यात सहलेखक सगळ्यात कामाचे, माणूस विषय बदलतो, कॉलेज बदलतो, पण गाईड आणि लॅबमधली मंडळी बरीच वर्षं सोबत राहतात. आणि आडनाव जुळलं म्हणून सगळ्यांना सारखे मार्क नसतात, जाधव-जाधव जुळणं म्हणजे जवळपास काहीच नाही, एखादं दुर्मिळ आडनाव जुळलं तर मात्र वजन पडतं. ही आयडिया जुनी आहे, कॅनडात न्यूकोम आणि मंडळींनी १९५९ मध्ये जन्म आणि लग्नाच्या नोंदी कॉम्प्युटरवर जुळवताना वापरली होती, पुढे १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर यांनी तिला पक्कं गणित दिलं, आजही बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात तेच आहे.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. त्यासाठी साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, १९१८ चं अमेरिकन पेटंट, सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच कोड द्यायचा. पण ती बनली इंग्रजी आडनावांसाठी. आपल्या आडनावांवर चालवून बघा, जोशी आणि जोग दोघांनाही जे-२०० मिळतो! आणि वझे जर एकदा व्ही ने आणि एकदा डब्ल्यू ने लिहिलं तर व्ही-२०० आणि डब्ल्यू-२००, म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ परके, कारण पहिलं अक्षर ती जसंच्या तसं ठेवते. आता यापेक्षा चांगल्या पद्धती आहेत, पण जुन्या सिस्टीममध्ये हे अजून सापडतं.

चुका दोन प्रकारच्या होतात, एका माणसाचे दोन होतात किंवा दोघांचा एक होतो. माझ्या मते दुसरी जास्त वाईट. फुटलेलं प्रोफाइल जोडायला स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमध्ये फॉर्म आहे, तो भरला की होतं बहुतेक. पण दोघांचे पेपर एकत्र झाले की वेगळे करायला कुणीतरी बसून एकेक तपासावा लागतो, आणि तोपर्यंत तो चुकीचा एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांचे संदर्भ किती जणांनी दिले यावरून काढलेला आकडा) कुणाच्या तरी बायोडेटात गेलेला असतो. लायब्ररीवाले पूर्वीपासून नावापुढे जन्मसाल जोडतात, ते पुष्कळदा पुरतं, पण साल माहीतच नसेल तर एका नावाचे सगळे एकाच नोंदीत, अशीही सोय कॅटलॉगमध्ये होतीच (सोय म्हणजे गैरसोय).

तुम्ही काय करायचं, तर आधी ऑर्किड म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख-नंबर काढा, फुकट आहे, २०१२ पासून चालू आहे. सोळा आकडी नंबर, शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून काढलेला असतो म्हणजे टाइप करताना गडबड झाली तर पकडली जाते, तो दहा आला तर एक्स लिहितात, त्यामुळे शेवटी एक्स दिसला तर घाबरू नका. पण ऑर्किड तुमची कागदपत्रं तपासत नाही हेही लक्षात ठेवा. तिथे जोसाया कार्बेरी नावाच्या प्राध्यापकांचं पान आहे, ब्राउन विद्यापीठातले, हा माणूस अस्तित्वातच नाही, १९२९ पासून चालत आलेला जोक आहे तो, आणि डेमोला तेच पान वापरतात. म्हणजे नंबरने कोण वेगळं ते कळतं, कोण खरं ते नाही. तरी पेपर पाठवतानाच नंबर टाकला तर अंदाजाची गरजच उरत नाही.

स्कॉलरमध्ये सेटिंगला जाऊन आपोआप पेपर जोडणं बंद करा, आधी मेलवर विचार असा पर्याय आहे तो घ्या, आणि केमिस्ट्रीवाले डिलीट मारा.

लग्नाचं म्हणाल तर घरी, आधारवर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पेपरवरचं नाव बदलू नका. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी कधी पहिलंही, म्हणजे मशीनकडे धरायला काही उरतच नाही. आधीच दोन नावांनी छापून झालं असेल तर ऑर्किडमध्ये दुसरी नावं टाकायला जागा आहे, तिथे दोन्ही लिहा, आणि इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’ या संशोधकांच्या यादीवर प्रोफाइल असेल तर तिथेही हाच नंबर जोडून टाका.