वाचकांचे प्रश्न: सिडनीला पॅड आधी कुणी बांधायचे?

मेलबर्नची टेस्ट सोमवारी, 30 डिसेंबर 2024 ला, हातातून गेली आणि तेव्हापासून तुमची पत्रं येतच आहेत, जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, बॅटिंग ऑर्डर. ज्यांनी मॅच बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या टूरवर पर्थला आपण 295 रनने जिंकलो, अॅडलेडला दहा विकेटने हरलो, ब्रिस्बेन पावसामुळे ड्रॉ झाली आणि मेलबर्नला 340 चा पाठलाग करताना 155 वर ऑल आउट, म्हणजे 184 रनने हार. आता 2-1 ने मागे आहोत, शुक्रवारी 3 जानेवारी 2025 ला सिडनी. जिंकलो तर सिरीज बरोबरीत सुटते आणि बॉर्डर-गावसकर ट्रॉफी आपल्याकडेच राहते, म्हणून ही चर्चा आत्ताच व्हायला पाहिजे.

रोहित अॅडलेड-ब्रिस्बेनला सहावा आला, मेलबर्नला परत ओपनर झाला, रन कुठेच नाहीत. मग त्याची खरी जागा कुठली? (सातारा)

दादा, मला वाटतं आधी दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे, राहुल कुठे चालत होता? पर्थला रोहित नव्हता, घरी दुसऱ्या बाळाचा जन्म झाला होता, म्हणून राहुल ओपनिंगला गेला आणि 26 आणि 77 केले, दुसऱ्या डावात जयस्वालबरोबर 201 ची पार्टनरशिप केली, ऑस्ट्रेलियात जाऊन 201 म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मग अॅडलेडच्या आधी रोहितने स्वतः प्रेस कॉन्फरन्समध्ये सांगितलं की राहुलच ओपनिंग करेल, मी मधे कुठेतरी खेळतो. तो कॅप्टन होता, 2019 पासून ती जागा त्याची होती, तरी सोडली, मला खूप आदर वाटला तेव्हा. ब्रिस्बेनला वरची फळी येऊन लगेच परत जात होती तेव्हा राहुलने एकट्याने 84 काढले. या टूरवर ओपनर म्हणून सहा डाव, एकदा नॉट आउट, 235 रन, म्हणजे 47 ची सरासरी. नव्या कूकाबुरासमोर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या टेस्टच्या नव्या बॉलसमोर, आपला ऑफ स्टंप कुठे आहे हे आपल्या टीममध्ये सगळ्यात चांगलं कुणाला कळलं होतं तर ते राहुलला, आणि मेलबर्नला त्यालाच उचलून तीनला टाकलं. 24 आणि 0.

बरं, एकालाच हलवलं असंही नाही ना. रोहित वर आला, राहुल तीनला गेला आणि गिल बाहेर बसला, त्याच्या जागी वॉशिंग्टन आला. पांघरूण तोकडं असलं की डोकं झाकताना पाय उघडे पडतात तसं झालं.

रोहितचे आकडे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. 3, 6, 10, 3, 9. पाच डावांत 31. याच माणसाने 2021 ला इंग्लंडमध्ये चार टेस्टमध्ये 368 काढले होते, ओव्हलला 127, तासन् तास बॉल सोडत होता, बॉल सोडणं बघायलाही इतकं छान वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं. मेलबर्नच्या दुसऱ्या डावातही तो 40 बॉल झगडला, पण ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सने एकाच ओव्हरमध्ये त्याला आणि राहुलला दोघांना काढलं. पाय हलत नाहीयेत, बॉल बॅटवर उशिरा येत नाहीये, तोच उशिरा पोचतोय. अशा वेळी पहिल्या नंबरवर जाऊन फॉर्म शोधणं म्हणजे सगळ्यात अवघड ठिकाणी शोधणं. सिडनीला त्याने स्वतःहून बाजूला बसावं आणि पर्थसारखं बुमराहने कॅप्टन व्हावं असं माझं मत आहे. बोरिवलीच्या मैदानांवर वाढलेला आपला मुलगा आहे, मला हे लिहायला जड जातंय, पण टीमसाठी आत्ता हेच बरोबर आहे.

बॅट्समन तो बॅट्समन. ओपनिंग काय, तीन काय, पाच काय, बॉल तोच, पिच तेच. एवढा बाऊ कशाला? (ठाणे)

बॉल तोच नसतो हो. कूकाबुराचा बॉल नवा असताना कडक असतो, शिवण वर आलेली असते, आणि जसजसा मऊ होतो तसतसं खेळणं सोपं होतं, मग 80 ओव्हरनंतर पुन्हा नवा. पूर्वी ऑस्ट्रेलियात पहिला तासभर काढला की पुढे पिच सपाट, हल्ली पिचवर गवत ठेवतात त्यामुळे बॉल जास्त वेळ हलतो. म्हणजे एक नंबरचा माणूस जो बॉल खेळतो आणि सहा नंबरचा जो खेळतो त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

आणि दुसरी गोष्ट डोक्याची. मी मुंबईच्या कांगा लीगमध्ये बरीच वर्षं ओपनिंग केली, पावसाळ्यातली लीग, उघडं ओलं पिच, कधी बॉल थांबायचा कधी नाकाशी यायचा. फील्डिंग संपली की दहा मिनिटं मिळतात, तोंडावर पाणी मारायचं, पॅड बांधायचे आणि निघायचं, विचार करायला वेळच नसतो आणि ओपनरला तेच बरं असतं. एका सीझनला आमच्या कॅप्टनला रन होत नव्हते म्हणून तो ओपनिंगला गेला आणि मला पाचला पाठवलं. मी तंबूत पॅड बांधून दोन-दोन तास बसायचो, प्रत्येक अपीलला पोटात गोळा, आत गेलो की पाय जड झालेले, तोपर्यंत स्पिनर आलेला आणि चार जण अंगाभोवती उभे. चार मॅचमध्ये मी एकदाही वीसच्या वर गेलो नाही. कॅप्टनचेही रन झाले नाहीत. त्यामुळे मेलबर्नला पाचव्या दिवशी राहुल शून्यावर परत जाताना बघून मला फार लागलं, कारण हे सगळं माझ्या अंगावरून गेलंय.

2002 ला इंग्लंडमध्ये हेडिंग्लीला आमच्या बीडच्या संजय बांगरला एकदम ओपनिंगला पाठवलं होतं, ते चाललंच की. मग हलवाहलव वाईट कशी? (बीड)

हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, इतका चांगला आहे. हलवणं वाईट नाहीच, कुणाला कशासाठी हलवलं ते बघायचं.

बांगर त्याच वर्षी नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध सातव्या नंबरवर येऊन शतक करून गेला होता. हेडिंग्लीला ढग होते, पिच ओलसर, गांगुलीने टॉस जिंकून तरी बॅटिंग घेतली आणि सेहवागबरोबर बांगरला पाठवलं. सेहवाग लवकर गेला. बांगर आणि द्रविडने मिळून 170 जोडले, बांगरचे 68, पण ते 68 कसे, अंगावर बॉल घेत, बॅट शरीराजवळ ठेवून, जवळजवळ 40 ओव्हरचे बॉल एकट्याने खाऊन. मग द्रविड 148, सचिन 193, गांगुली 128 आणि आपण एक डाव 46 रनने जिंकलो. मधल्या तिघांची शतकं सगळ्यांना पाठ आहेत, बांगरचे 68 बीडबाहेर किती जणांना आठवतात माहीत नाही, माझ्या मते त्या मॅचचा पाया तोच होता. तिथे ज्या माणसाचा डिफेन्स पक्का त्याला कडक वेळेसाठी पुढे केलं.

2001 चं ऑस्ट्रेलियाविरुद्धचं कोलकाता घ्या. पहिल्या डावात आपण 171, लक्ष्मण सहावा येऊन 59, एकटाच सुटलेला वाटत होता. फॉलो-ऑनला, म्हणजे खूप मागे पडल्यामुळे लगेच पुन्हा बॅटिंग करावी लागली तेव्हा, त्याला तीनला पाठवलं आणि द्रविड अडखळत होता त्याला सहाला. 281 आणि 180, दोघांची 376 ची पार्टनरशिप. म्हणजे जो चालतोय तो वर आणि जो अडखळतोय तो खाली, जिथे त्याला थोडा श्वास घ्यायला मिळेल. मेलबर्नला आपण नेमकं उलटं केलं, अडखळणारा वर आणि चालणारा खाली. माझा सगळा राग एवढ्याच गोष्टीवर आहे.

मी मेलबर्नला राहतो, पाचही दिवस स्टेडियमवर होतो. नितीश रेड्डीचं शतक बघितलं, अंगावर काटा आला. तो आठव्या नंबरवर का खेळतोय? (मेलबर्न, ऑस्ट्रेलिया)

तुमचा हेवा वाटतो! त्या पाच दिवसांत एमसीजीवरच्या (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) गर्दीचा रेकॉर्ड मोडला, आणि जुना रेकॉर्ड होता 1937 चा, साडेतीन लाखांचा. त्या मॅचची गंमत म्हणजे तीसुद्धा बॅटिंग ऑर्डरसाठीच प्रसिद्ध आहे. पावसाने पिच चिकट झालं होतं, तर ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन ब्रॅडमनने दुसऱ्या डावात चक्क ओ'रायली आणि फ्लीटवुड-स्मिथ या बॉलरना ओपनिंगला पाठवलं, स्वतः सातवा आला तेव्हा पिच वाळलं होतं आणि 270 केले. ऑस्ट्रेलिया सिरीजमध्ये 0-2 ने मागे होती, शेवटी 3-2 ने जिंकली.

आता नितीश. 41, नाबाद 38, 42, 42, 16, 114, 1. सात डावांत 294, आपल्याकडून या टूरवर जयस्वालच्या 359 नंतर त्याचेच सगळ्यात जास्त. मेलबर्नला 7 बाद 221 असताना त्याने आणि वॉशिंग्टनने 127 जोडले नसते तर फॉलो-ऑन समोर होता. तो आठवा आला कारण मधे बॉलर आकाश दीपला नाईट वॉचमन (दिवस संपताना खऱ्या बॅट्समनला वाचवायला पाठवतात तो) म्हणून घुसवलं आणि जडेजा सातवा होता. सहा नंबर त्याला द्यायला हरकत नाही, सरळ बॅटने खेळतो, ड्राइव्ह करताना डोकं बॉलवर असतं. पण पाच किंवा चार नको. 21 वर्षांचा मुलगा आहे, पहिलीच टूर आहे, तीस ओव्हरनंतरचा बॉल त्याला चांगला जमतोय तर तोच खेळू दे.

सचिनने 2004 ला सिडनीला कव्हर ड्राइव्हच बंद केला आणि नाबाद 241 केले. कोहली तसं का करत नाही? का त्याला पाचला पाठवायचं? (नागपूर)

पाचला पाठवून ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल काही गायब होणार नाही. पर्थचं शतक सोडलं तर कोहलीचे सहा डावांत 67 रन आणि प्रत्येक वेळी कॅच मागे किंवा स्लिपच्या बाजूला, ऑफ स्टंपच्या बाहेर, कल्पनेतल्या चौथ्या-पाचव्या स्टंपच्या लाइनवर बॅट जाते. मेलबर्नला दुसऱ्या डावात लंचच्या तोंडावर गेला तोही तसाच, ड्राइव्ह मारताना. पण पहिल्या डावात 36 केले तेव्हा त्याने खूप बॉल सोडले होते, जयस्वालबरोबर 102 जोडले, जयस्वाल रनआउट झाला आणि लगेच हाही गेला. म्हणजे सोडता येतं त्याला, मन हललं की हात जातो. चौथा नंबर त्याचाच. सिडनीला पहिले 50 बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर बॅटच न्यायची नाही एवढं त्याने ठरवावं, सचिनने त्या डावात दहा तास ठरवलं होतं.

रहाणे आणि पुजाराला परत बोलवा! (पुणे)

मनातलं बोललात. पण ते टीममध्ये नाहीत आणि शुक्रवारपर्यंत येणारही नाहीत. 2020 ला अॅडलेडला आपली टीम 36 वर ऑल आउट झाल्यावर रहाणेने मेलबर्नला 112 केले, ती आठवण मीही या आठवड्यात दोनदा काढून बघितली.

मी आठवीत आहे, शाळेच्या टीममध्ये ओपनिंग करते. सरांनी मला आता पाचला टाकलंय. मला रडू येतं. (रत्नागिरी)

बाळा, रडू आलं तरी चालेल. उद्या प्रॅक्टिस संपल्यावर सरांना एकटीने भेट आणि विचार, सर माझं काय चुकतंय? राग नको, फक्त विचार. कधी कधी सरांना मधल्या ओव्हर सांभाळणारं कुणीतरी हवं असतं. आणि पाचला गेलीस तर वाट बघताना पॅड बांधून एका जागी बसू नकोस, बाउंड्रीच्या कडेने चालत राहा, कुणाकडून तरी दहा-बारा बॉल हाताने टाकून घे. माझं तिथेच चुकलं होतं, मी बसून राहायचो.

इतकं सगळं लिहिता, मग सिडनीसाठी सरळ नावं सांगा क्रमाने. आणि सरफराजचं काय? मी पहाटे पाचला उठून मॅच बघते, मला कळू दे. (कोल्हापूर)

काकू, सांगतो. जयस्वाल, राहुल, मग तीनला गिल, कारण ब्रिस्बेनला एक रन करून तो गेला असला तरी अॅडलेडला 31 आणि 28 करताना चांगला दिसत होता, आणि तीन ही त्याचीच जागा आहे. चारला कोहली. पाचला पंत, आणि मेलबर्नला पहिल्या डावात तो स्कूप मारताना आउट झाला त्यावरून जे बोलायचं ते बोलून झालंय, दुसऱ्या डावात त्याने जयस्वालबरोबर लंचनंतरचं अख्खं सेशन विकेट न देता काढलं, 104 बॉलमध्ये 30, तेही पंतच आहे. सहाला नितीश, सातला जडेजा, आठला वॉशिंग्टन, मग बुमराह, सिराज आणि आकाश दीप.

सरफराजने बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध 150 केले होते, मुंबईचा मुलगा आहे, मलाही त्याला खेळताना बघायचंय. पण या टूरवर एकही टेस्ट न खेळलेल्या माणसाला बोलँड आणि कमिन्ससारख्या बॉलरसमोर थेट शेवटच्या टेस्टमध्ये उभं करणं त्याच्यावर अन्याय होईल. आणि त्याला आणायचं तर पुन्हा कुणालातरी हलवावं लागेल.

एक गोष्ट राहिली. दिवस संपायला वीस मिनिटं असताना विकेट पडली तर यावेळी नाईट वॉचमन पाठवू नये. मेलबर्नला आकाश दीपला पाठवलं, तो शून्यावर गेला आणि 2 बाद 153 चे 5 बाद 159 झाले. जो त्या नंबरचा आहे त्यानेच जावं. तुम्ही पहाटे उठालच, तेव्हा पहिले दहा ओव्हर राहुल किती बॉल सोडतोय तेवढे मोजा, मीही मोजणार आहे.