तुझ्या तक्त्याबद्दल थोडं

कुठल्या अक्षराच्या आवाजातून कुठली भावना येते, हा तुझा तक्ता नीट बघितला. क, ट, ख म्हणजे राग, म, ल, न म्हणजे प्रेम, ओ-ऊ म्हणजे दुःख. मेहनत दिसतेय, पण फार लवकर पक्का केलायस. 'मरण' घे ना, म, र, ण, एकही अक्षर टोचत नाही. आणि 'लाडका' मधे ड नि क दोघंही ठाण मांडून बसलेत!

सगळं भंपक आहे असं नाही हां. मानसशास्त्रज्ञ कोहलरने १९२९ मधे अर्थ नसलेले दोन शब्द दिले, टाकेटे आणि बालुबा, एक आकृती टोकदार नि एक गोलमटोल, आणि बहुतेकांनी टाकेटे टोकदार आकृतीला लावला. पुढे हेच बूबा-किकी (बूबा गोल, किकी टोकदार) म्हणून गाजलं, २०२२ च्या एका अभ्यासात २५ भाषांच्या ९१७ लोकांना विचारलं तर साधारण ७२ टक्के उत्तरं अपेक्षेसारखी आली. म्हणजे बरीच, सगळी नाहीत, आणि तो आकाराचा प्रश्न होता, भावनेचा नाहीच.

भावनेकडे जायचं तर आधी तोंडाकडे बघ. आरशासमोर लांब ई म्हण, ओठ ताणले जातात, हसताना जो गालाचा स्नायू ओढला जातो तोच कामाला लागतो. आता ओ म्हण आणि म्हणता म्हणता हसून दाखव, जमणार नाही. जर्मनीत रुमर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मधे दाखवलं की मूड चांगला असताना लोकांनी मनाने बनवलेल्या शब्दांत ई जास्त येतो, मूड खराब असेल तर ओ. दुसरं कारण म्हणजे निव्वळ संगत. कडू, कडक, कडाडणं ऐकत मोठं झालं की 'कड'ने सुरू होणारा नवा शब्दसुद्धा खरखरीत वाटायला लागतो (आणि तरी पोराला आपण कडेवरच घेतो). यातलं तोंडाचं किती नि सवयीचं किती हे वेगळं काढणं, खरी डोकेदुखी ती आहे.

मला विचारशील तर मम्मट वाच, संस्कृत काव्यशास्त्रावरचा त्याचा काव्यप्रकाश. ट, ठ, ड, ढ त्याने माधुर्यातून, म्हणजे काव्याच्या गोडव्यातून, बाद केले, इथपर्यंत तुझ्याच बाजूचा आहे, पण माधुर्य तो शृंगारालाही देतो आणि करुणालाही, उलट करुणात जास्तच म्हणतो. म्हणजे प्रेम आणि शोक, अक्षरं तीच! ध्वनी मऊ की कठोर एवढं सांगतो, पुढची भावना कुठली ते अर्थ ठरवतो, असं माझं मत.

तेव्हा भावनांचे रकाने काढून टाक, लोकांना फक्त मऊ की कठोर एवढंच विचार. शब्द खोटेच बनव, पण खऱ्या शब्दाच्या जवळ जाणारे नकोत, आणि स्वतः वाचून दाखवू नकोस कारण तुला उत्तर माहीत असल्याने आवाज आपोआप तसा लागतो नि मग लोक अक्षर नाही, तुझा सूर ऐकतात. ज्याला यातलं काही माहीत नाही अशा कुणाकडून रेकॉर्ड करून घे, यादी तयार झाली की आधी मला पाठव.