५०० ओहम शोधत फिरू नकोस

होडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर लाल एलईडी लावताना प्रवाह आवरायला रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा, हे तुझं गणित बरोबर आहे: १२ वजा एलईडीचे २ व्होल्ट, भागिले एलईडीचा प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे ५०० ओहम. पण रत्नागिरीतल्या दुकानात साध्या पाकिटात ५०० मिळायचा नाही. रेझिस्टर ठराविक आकड्यांतच येतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, आणि त्यांच्याच दहापटी. ही ई१२ मालिका. सध्या एवढी पुरे.

नवशिके ४७० आणि ३३ जोडून ५०० जुळवत बसतात. गरज नाही, मुळात रेझिस्टरच पाच टक्के इकडेतिकडे असतो. एलईडीला नेहमी वरचा आकडा घ्यायचा, म्हणजे ५६०.

खरी गफलत होते वॅटमध्ये. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतं. तेव्हा ५६० वर ०.२७ वॅट उष्णता होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर भाजून निघतो. म्हणून मी तर सरळ १ किलोओहम, अर्धा वॅट टाकीन. त्यावरचे रंगपट्टे तपकिरी, काळा, लाल, सोनेरी. त्यातून जाणाऱ्या १०-१२ मिलिअँपिअरलाही छान उजेड पडतो, बिनधास्त लाव.

पहिल्या खरेदीला हे घे:
- १००, ३३०, ४७० ओहम
- १, ४.७, १०, १०० किलोओहम

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्यांचे पाय लवकर काळे पडतात, मग सोल्डर धरत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, काळे पडलेच तर पॉलिश पेपरने हलके घास, आणि लावण्याआधी प्रत्येक नग मल्टिमीटरवर मोज.