जेरी राईस एवढा मोठा का? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

अमेरिकन फुटबॉलमधल्या वाईड रिसीव्हरबद्दल, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूबद्दल आलेले प्रश्न फिरून फिरून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या जेरी राईसवरच येतात, म्हणून आज फक्त तोच.

प्रश्न (पुणे): सर, सुपर बोल दरवर्षी बघतो, पण वाईड रिसीव्हर नक्की काय करतो ते कळत नाही. कडेला उभा राहतो आणि पळत सुटतो, एवढंच दिसतं.

बऱ्याच वेळा तेवढंच असतं 😀 पण पळायचं कसं ते आधी ठरलेलं असतं, इतकी पावलं सरळ, मग आत वळायचं किंवा बाहेर, आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) बॉल टाकतो तो रिसीव्हर वळायच्या आधीच, मोकळ्या जागेत, म्हणजे हा एक पाऊल चुकला की बॉल समोरच्या टीमच्या हातात. आणि पासच आला नाही म्हणून पळणं फुकट जातं असंही नाही. जानेवारी १९८९ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन लीगची फायनल, बघा, मायामीला, समोर सिनसिनाटी. राईसने ११ कॅच आणि २१५ यार्ड (पास झेलून टीमला पुढे नेलेलं अंतर) काढले, मॅचचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच, पण शेवटच्या ९२ यार्डांच्या ड्राईव्हनंतरचा (सलग चढाईनंतरचा) जिंकून देणारा टचडाऊन, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन काढलेले गुण, जॉन टेलरचा आहे. त्या प्लेमध्ये राईस एका बाजूने दुसरीकडे गेला आणि डिफेन्सचं लक्ष त्याच्यामागे गेलं!

प्रश्न (ठाणे): राईस स्लो होता असं वाचलं. स्लो माणूस सगळ्यात भारी रिसीव्हर कसा होतो?

४० यार्डांच्या शर्यतीत त्याचं टायमिंग ४.६ ते ४.७ सेकंद सांगतात, टॉपचे रिसीव्हर ४.४ च्या आसपास पळतात. त्यात कॉलेज मिसिसिपी व्हॅली स्टेट, म्हणजे छोटं. सिनियर वर्षी २७ टचडाऊन कॅच काढूनही लोक म्हणायचे की समोर टीम कुठल्या होत्या. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये (लीगच्या टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) तो सोळावा गेला, त्याच्या आधी दोन रिसीव्हर गेले, अल टून आणि एडी ब्राऊन. तो सोळावा नंबरही फोर्टीनायनर्सचा नव्हता, त्यांचा कोच बिल वॉल्शने न्यू इंग्लंडशी सौदा करून वर येऊन घेतला.

आता खरी गोष्ट. वॉल्शची सिस्टीम छोट्या पासची होती, बॉल पटकन हातात द्यायचा आणि पुढचं रिसीव्हरने पळून मिळवायचं. तिथे सरळ रेषेतला स्पीड कमी लागतो आणि वळताना वेग न सोडणं जास्त लागतं, आणि राईस तिथे राजा होता. कबड्डीतला चांगला रेडर जशी हूल देतो तसं, पहिली चार-पाच पावलं प्रत्येक रूटला (पळायच्या ठरलेल्या वाटेला) अगदी सेम, त्यामुळे डिफेंडरला कळायचंच नाही की हा आत वळणार की सरळ सुटणार. तीच पाच यार्डांची स्लँट (तिरकं आत वळायचं), बॉल छातीशी, आणि पुढे ५० यार्ड. शिवाय त्याला मागून पकडलेलं फार कमी वेळा दिसतं, मग स्लो कुठे? स्टॉपवॉचवर स्लो म्हणा हवं तर.

आणि दम. ऑफ सीझनला सॅन कार्लोसजवळच्या एजवूड पार्कमधला सुमारे ४ किलोमीटरचा चढ तो पळत चढायचा. बरोबर यायला निघालेले बरेच जण वाटेतच थांबायचे असे किस्से आहेत. चौथ्या क्वार्टरला डिफेंडर धापा टाकत असताना याची पावलं तीच राहायची, ती इथून आली.

प्रश्न (नाशिक): पहिल्या वर्षी म्हणे त्याच्या हातून कॅच सुटायचे?

सुटायचे, आणि कँडलस्टिकवर, म्हणजे फोर्टीनायनर्सच्या मैदानावर, घरचेच लोक हुर्यो उडवायचे. वडील गवंडी, भावांनी फेकलेल्या विटा झेलत मोठा झालेला मुलगा, हातांचा दोष नव्हताच. नवीन प्लेबुक डोक्यात, कॅच पूर्ण व्हायच्या आधीच पळायची घाई. डिसेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध २४१ यार्ड काढले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी १५७० यार्ड, त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ ला, खेळाडूंच्या संपामुळे १२ च मॅच खेळून २२ टचडाऊन कॅच. रँडी मॉसने २००७ मध्ये २३ करून रेकॉर्ड मोडलं खरं, पण १६ मॅचमध्ये.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): इथले मित्र म्हणतात माँटाना आणि यंग नसते तर राईस नसता. खरं का?

अर्धवट खरं. माँटाना आणि यंग हे फोर्टीनायनर्सचे दोन हॉल ऑफ फेम क्वार्टरबॅक मिळणं हे नशीबच आहे, नाकारत नाही. पण मग ओकलंडचं काय करायचं? २००२ मध्ये ओकलंड रेडर्सकडून, क्वार्टरबॅक रिच गॅननबरोबर, ९२ कॅच आणि १२११ यार्ड, आणि त्याच सीझनमध्ये तो ४० वर्षांचा झाला. मित्रांना हे विचारा.

प्रश्न (कोल्हापूर): दादा, गुडघ्याच्या दुखापतीबद्दल सांगा ना.

१९९७ चा पहिलाच सामना, टॅम्पा बेविरुद्ध. त्यांच्या वॉरन सॅपने फेसमास्क (हेल्मेटची जाळी) धरून खाली ओढलं, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. तोपर्यंत एनएफएलमध्ये त्याची एकही मॅच दुखापतीमुळे हुकली नव्हती. अशा दुखापतीला तेव्हा वर्षभर जायचं, हा साडेतीन महिन्यांत परत आला, १५ डिसेंबरला, माँटानाची १६ नंबरची जर्सी निवृत्त करायचा कार्यक्रम होता त्या रात्री. टचडाऊन पकडला, पडला, आणि त्याच गुडघ्याची वाटी फुटली. माझं स्पष्ट मत, त्या रात्री त्याला मैदानात सोडायला नको होतं, भावनेच्या भरात घेतलेला निर्णय होता तो. तरी १९९८ ला ११५७ यार्ड, काय बोलणार!

प्रश्न (डोंबिवली): ग्लोव्हजला चिकट स्प्रे मारायचा म्हणे. मग चीटिंगच की.

स्टिकम. लीगने १९८१ मध्येच बंद केलं होतं आणि राईसने २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं की थोडं लावायचो, वर म्हणाला की सगळेच लावायचे. त्याच्या काळातल्या काही रिसीव्हरनी ते नाकारलं. नियम मोडला तो मोडलाच, पण त्याच्या करिअरच्या २२,८९५ यार्डांतले बरेचसे बॉल हातात आल्यानंतरचे आहेत, पायांना कसला स्प्रे?

प्रश्न (नागपूर): हे रेकॉर्ड कोणी मोडेल का? आणि शेवट कसा झाला?

दुसऱ्या नंबरचा लॅरी फिट्झगेराल्ड १७,४९२ वर थांबला, म्हणजे ५,४०३ यार्ड मागे. १५ वर्षं सलग दरवर्षी १५०० हून जास्त काढले तर जमेल. आता सीझन १७ मॅचचा आहे, पास जास्त पडतात, तरी १५ वर्षं टिकणार कोण? कॅल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये १९६४ यार्ड काढले आणि तिशीतच निवृत्त झाला.

शेवट जरा लांबला. २००४ मध्ये रेडर्स सोडून सिएटल, तिथे डॅलसविरुद्ध एक जबरदस्त रात्र, १४५ यार्ड, बाकी यथातथाच. २००५ ला डेन्व्हरच्या कॅम्पमध्ये चौथ्या नंबरचा रिसीव्हर व्हायची वेळ आली तेव्हा थांबला. पुढच्या वर्षी फोर्टीनायनर्सनी निवृत्त होण्यापुरतं नावाचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, रक्कम १९,८५,८०६.४९ डॉलर. १९८५ म्हणजे ड्राफ्टचं साल, ८० जर्सी, ०६ निवृत्तीचं साल, ४९ टीम. त्यातला एक डॉलरही प्रत्यक्ष दिला नाही.