एमओटी लागत नाही म्हणून जुने रेकॉर्ड बघायचेच नाहीत का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी सध्या इंग्लंडमध्ये असतो. 1972 ची एक एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघून आलोय, रंग एकदम मस्त, इंजिनही लगेच सुरू होतं. विकणारा म्हणतो चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे इथली दरवर्षीची गाडीची तपासणी, लागतच नाही, मग जुना इतिहास कशाला काढताय. बायको म्हणते आधी सगळं तपास. काय करू?

उत्तर: वहिनींचं ऐका. विकणारा खोटं बोलत नाहीये, मे 2018 पासून चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि गेल्या तीस वर्षांत मोठे बदल न केलेल्या गाड्यांना सूट आहेच, पण तुमची गाडी 1972 ची, म्हणजे 2018 पर्यंत रस्त्यावर चालवायची तर तिला दरवर्षी टेस्ट द्यावीच लागत होती, आणि 2005 पासूनच्या टेस्ट सरकारी साइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की फुकट दिसतात. एवढं हातात असताना सोडायचं कशाला?

बघताना पास-फेलवर जाऊ नका. मला तर मधे एखादं फेल असलेली गाडी जास्त बरी वाटते, कारण काहीतरी सापडलं आणि दुरुस्त झालं हे कळतं. खरी गंमत अ‍ॅडव्हायजरीत असते, म्हणजे गाडी फेल होण्याइतकं नाही पण लक्ष ठेवा अशा शेऱ्यांत. समजा 2014 ला लिहिलंय सिलला (दाराखालच्या लांब पत्र्याच्या पट्टीला) गंज, 2015 ला तेच, 2016 ला तेच, आणि 2017 ला एकदम कोरी पाटी. मग सरळ विचारा, त्या वर्षी वेल्डिंग कुणी केलं, बिल दाखवा, फोटो दाखवा. नाहीतर गंजावर काळं अंडरसील, म्हणजे गाडीच्या खालून लावतात तो जाड लेप, फासलेलं असू शकतं, आणि टेस्ट करणारा ते सगळं काढून किंवा कार्पेट उचलून बघत नाही, त्याला जे दिसतं तेवढंच तो लिहितो.

तारखापण बघा हं. सिल गंजल्यामुळे सोमवारी फेल आणि बुधवारी पास असेल तर मला शंका येते. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवर, त्यात सिल म्हणजे गाडीचा कणाच, आणि ते नीट बदलायचं तर पुढच्या-मागच्या विंगचा (चाकांवरच्या पत्र्याचा) खालचा भाग कापावा लागतो. दोन दिवसांत बहुतेक वेळा जुन्या गंजावर नवा पत्राच चढतो. मी एकदा अशाच एका गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल वाजवत गेलो, पुढे टणटण आवाज, दाराच्या मधोमध आल्यावर एकदम थप. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावलं तर तिथे धरेचना, आत नुसतं फिलर, म्हणजे भरायची लांबी. आणि वरून रंग असा की तोंड दिसावं!

मायलेजचे आकडे क्रमाने लिहून काढा. आकडा अचानक खाली आला म्हणजे फसवणूकच असं नाही, या गाड्यांचा मीटर पाच आकडी, 99,999 नंतर परत शून्य, किंवा मीटर बदललेला असतो, पण त्याचं कारण मालकाला सांगता यायला हवं. मधली दोन-चार वर्षं रिकामी असली तर गाडी बंद होती का, रिस्टोरेशनला होती का ते विचारा. लांब उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर आणि रबरी होज आधी बघून घ्या.

बाकी व्हीफाइव्हसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, चासी नंबर गाडीवरच्या प्लेटशी जुळवा, ते पाच मिनिटांचं काम.

आणि 2018 नंतर एकही टेस्ट नसेल तर मालकाला म्हणा की आता एक एमओटी करून घेऊ, सूट असली तरी स्वतःहून करता येते, फी जास्तीत जास्त 54.85 पाउंड, ती मी भरतो. टेस्टच्या वेळी तुम्ही स्वतः हजर रहा आणि टेस्ट संपली की गॅरेजवाल्याला विचारून, गाडी लिफ्टवर असतानाच, ते जुने अ‍ॅडव्हायजरीचे कागद हातात धरून एकेक जागा बघा. मालक टेस्टलाच नाही म्हणाला तर मी तरी ती गाडी घेणार नाही.