पेन्सिलीची घाई नको

वर्गात पहिल्याच आठवड्यात लिहायच्या वह्या काढू नकोस गं. पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, आणि हात स्थिर राहतो तो खांद्याच्या जोरावर. म्हणून आधी लोंबकळणं, रांगणं, ढकलणं, ओढणं. भिंतीवर जरा उंच कागद चिकटव आणि उभ्याने रंगवू दे. खांदा आपोआप कामाला लागतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा पेन्सिल मुठीत धरायचा. महिनाभर मी त्याची बोटं वळवत बसले, तो रडकुंडीला आला. चूक माझीच. मग ते सोडलं आणि ओली माती, मणी, चिमटे दिले. चिमट्याने कापसाचे गोळे उचलताना जीभ बाहेर यायची त्याची, इतका गुंतायचा! पुढे पकड सुधारली.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. खोड्या केल्या म्हणून मैदान बंद, असं मात्र कधी करू नकोस. चुळबुळ्या पोरांनाच ते जास्त लागतं. बटणं, बुटांचे बंद त्यांचे त्यांना लावू दे. उशीर होतो, होऊ दे.