कृपादान आणि झाडू: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वचन सांगणारे, म्हणजे प्रवचन करणारे, आणि गायन चालवणारे उपासना संपली की निघून जातात. खुर्च्या आवरणे, फरशी पुसणे ठरलेल्या चार-पाच जणांच्याच गळ्यात. विचारले तर म्हणतात, "ते आमचे कृपादान नाही."

उत्तर : कृपादान म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी देवाने दिलेली क्षमता. पण त्यांचे हे उत्तर वचनाला, म्हणजे बायबलला, धरून नाही. रोम १२:६-८ मध्ये प्रेषित पौल देवाचा संदेश आणि शिक्षण यांच्याच ओळीत सेवा, दानधर्म आणि दया धरतो. १ करिंथ १२:२८ मध्ये साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे ही दाने निरोगी करण्याच्या दानाला लागूनच येतात. शिवाय काही कामांना कृपादान लागतच नाही. योहान १३ मध्ये येशू भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणाला. कोणाला वगळले नाही.

"वचन सोडून पंक्तिसेवा (जेवण वाढण्याचे काम) करणे योग्य नाही" हे प्रेषितांचे, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांचे, म्हणणे (कृत्ये ६) हमखास पुढे केले जाते. पण त्या पंक्तिसेवेसाठीही आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे सात जण निवडले, हे सांगायचे राहते. त्यांतला स्तेफन पुढे लोकांमध्ये अद्भुते करत होता आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता सांगितली.

कामांच्या दोन याद्या करा. खुर्च्या, फरशी, भांडी, शौचालय ही पहिली. तिच्यात पाळक (पास्टर) आणि वडीलजन (मंडळीचे पुढारी) यांच्यासह सगळ्यांची नावे पाळीने घाला. शिक्षण, गायन, हिशोब, आजाऱ्यांच्या भेटी ही दुसरी; ती कृपादान पाहून द्या. ज्या रविवारी एखाद्याला वचन सांगायचे असेल, त्या आठवड्यात त्याला स्वच्छतेची पाळी नको, तयारी मारली जाते. पाळी लिहून भिंतीवर लावा. तोंडी ठेवली की दोन महिन्यांत पुन्हा तेच चार-पाच जण उरतात.

प्रश्न : एक तरुण भाऊ म्हणतो, त्याला देवाकडून संदेश मिळतो. वडीलजन म्हणाले, "आधी वर्षभर झाडू मार, मग बघू." हे बरोबर आहे का?

उत्तर : काळजी रास्त, पण रीत चुकीची. झाडूची शिडी केली की त्याचे लक्ष माइकवर राहते, आणि जी बहीण वर्षानुवर्षे प्रेमाने झाडते तिचे काम सर्वांत खालची पायरी ठरते. आत्म्याला विझवू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा, असे १ थेस्सल ५:१९-२१ सांगते. पारख लहान गटात होते. आठ-दहा जणांच्या प्रार्थनागटात त्याला पाच मिनिटे द्या. दोघे अनुभवी विश्वासी हजर असू द्या. सांगितलेले वचनाशी जुळते का? ऐकणाऱ्यांची उन्नती झाली का? चूक दाखवली तर तो ऐकून घेतो की रुसतो? माझ्या मते हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लग्न, नोकरी, पैसा यांबद्दलचा "संदेश" कोणाला एकट्याला गाठून सांगायचा नाही, आधी वडीलजनांना सांगायचा. सर्वाधिक नुकसान इथेच होते. "मला आवरलेच नाही" ही सबब चालत नाही: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात (१ करिंथ १४:३२). मंडळीपुढेही दोघा-तिघांनीच बोलावे आणि इतरांनी पारख करावी (१४:२९). स्वच्छतेची पाळी त्याला इतरांइतकीच, कमी नाही, जास्त नाही.

प्रश्न : मला कोणतेच कृपादान नाही. मी फक्त दाराशी उभी राहून स्वागत करते.

उत्तर : प्रत्येकाला कृपादान मिळाले आहे, असे १ पेत्र ४:१० म्हणते. सलग दोन रविवार कोण आले नाही, हे तुमच्याइतके कोणाला कळत नाही. ती नावे त्याच दिवशी पाळकांना द्या आणि त्यांतल्या एका घरी स्वतः जाऊन या.